मथुरामावशीची सही

पेणला एसटी स्टँडच्या मागे माझं किराणा दुकान आहे. तिथे एक गिऱ्हाईक असं येतं, की पैसे चुकते झाल्यावर, पिशवी भरल्यावर आणि मागच्या माणसांनी दोनदोनदा घसा खाकरल्यावर ते माझ्याकडे पेन मागतं आणि बिलावर सही करतं. ही सही कुणीही मागितलेली नसते. बँकेने नाही, मशीनने नाही आणि मी तर नाहीच नाही.

ह्या गिऱ्हाइकाचं नाव मथुरामावशी. खाडीकाठच्या एका गावातून मिनीडोअर रिक्षात बसून येते. सत्तरी ओलांडून तिला बरेच दिवस झाले. उभी हयात मिठागरात गेली, त्यामुळे आवाज उघड्यावरचा. दुकानात शिरून "बाला, तूरडाल हाय काय?" असं तिने विचारलं, की समोरचा मेडिकलवाला तिकडून "हाय, हाय" म्हणतो. मी पन्नाशीचा झालो, डोक्यावरचे केस गेले, पण तिच्यासाठी बालाच आहे.

मुलगा रोह्याला कंपनीत आहे. शिफ्ट सोडून त्याला वरचेवर येता येत नाही, म्हणून त्याने आईला बँकेचं कार्ड काढून दिलं. ते ती कुंकवाच्या डबीबरोबर बटव्यात ठेवते. कार्ड माझ्याकडे आलं, की आधी ते फडक्याने पुसावं लागतं.

सुरुवातीला कार्ड घासलं की चिठ्ठी निघायची आणि चिठ्ठीवर सही लागायची. ते दिवस मावशीचे होते. ती पिशवी खाली ठेवायची, पदराला हात पुसायची, स्टुलावर बसायची आणि म्हणायची, "निला पेन दे. काल्यानं नाय." मग "मथुरा" पासून सुरुवात. नुसतं मथुरा नव्हे. नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं खानदान. प्रत्येक अक्षर सुटं आणि ठणठणीत. सगळं झालं की शेवटी वरची रेघ, एका दमात, डावीकडून उजवीकडे. ती रेघ आडनाव संपलं तरी थांबायची नाही, थोडी पुढे जायची. एकदा मी म्हटलं, "मावशी, रेघ बाहेर गेली." तर मलाच म्हणाली, "जाव दे. पावसाचा पानी आत येता नये."

आता मला सांगा, अक्षरात पाणी कुठून येतं? पण तिच्यामागे गिऱ्हाइकांची रांग असते, मी विचारत बसत नाही. माझा स्वभाव मुळात तापट. आमची ही म्हणते, दुकानदाराच्या जिभेवर साखर पाहिजे, तुमच्या जिभेवर खडेमीठ.

मग एक दिवस मशीन पिन मागायला लागलं. सही बंद. आमच्या दुकानात त्यावरून आठवडाभर परिषद भरली होती. जोशीकाका, रिटायर्ड क्लार्क, त्यांचं म्हणणं असं, की सही कुणीही ठोकेल, पिन आपल्या डोक्यात सुरक्षित. त्यावर मावशी म्हणाली, "माझ्या डोक्यात कालचा कालवन रात नाय." सिस्टर आहेत एक, सरकारी दवाखान्यातल्या. त्या म्हणाल्या, सहीच बरी होती; माझी सही आमच्या ह्यांना जमत नव्हती, पिन मात्र दुसऱ्या दिवशी पाठ. जोहे गावचा एक गणपतीच्या मूर्तींचा कारखानदार तेवढा खूश झाला. रंगाच्या हाताने पेन धरण्यापेक्षा चार बटणं दाबलेली सोपी, म्हणाला आणि दाबून गेला. माझ्या त्या मशीनवरचं पाचाचं बटण शेवटपर्यंत गुलाबी राहिलं. त्याच्या पिनमध्ये पाच आहे, हे अख्ख्या पेणला ठाऊक आहे.

मावशीचा पिन तर रोह्यापर्यंत ऐकू जात असेल. आकडे तिला कळत नाहीत, म्हणून मुलाने जागा पाठ करून दिल्यात. ती बोट वर धरते आणि देवाची आरती म्हणावी तशी खणखणीत म्हणते, "वरचा कोपरा... मधला... परत मधला... आन खालचा येकटा." मी म्हटलं, "मावशी, हळू! कुणाला ऐकवायचा नसतो तो."

"कां? तू चोर हायस?"

"मी नाही गं, पण हे बाकीचे?"

तिने मागे वळून सगळ्या रांगेला विचारलं, "तुम्ही चोर हाव काय रं?" जोशीकाका पहिले साबणाच्या फळीकडे वळले. तेव्हापासून मावशीने कार्ड काढलं, की सगळी रांग आपण होऊन साबणाच्या फळीकडे तोंड करून उभी राहते. नव्या माणसालाही मागचा सांगतो, वळा.

एवढं करून, पिन दाबून, मशीनने हो म्हटल्यावर मावशी पेन मागायची. पहिल्या दिवशी मी समजावलं, सही आता लागत नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती खाल्लीय.

"मंग मी ती कशाला शिकली? रेशनवर अंगठा, ग्यासला अंगठा, आन आता तुझ्याकरं बोट. परत अंगठ्यावरच आनलात ना मना?" मग अंगठा माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आन त्यांचा मशीन तो पन घेत नाय. मिठानं समद्या रेघा खाल्ल्या. माझी सहीच काय ती राहिली."

"अगं पण मागत नाहीत तर करायची कशाला?"

"नाय केली तर हात इसरल ना, बाला."

मी मनात म्हटलं, घे बाई. बिलाच्या पाठीवर कर आणि जा. असं वर्षानुवर्षं चाललं. सोमवारी मावशी, आरती, साबणाकडे रांग, सही. माझ्या दुकानात माणसं मावशीमुळे साबण जास्त घेतात असा माझा संशय आहे.

हल्लीच मशीनवाल्या माणसाने नवीन मशीन बसवलं. त्यात कागदाचा रोलच बंद. बिल मोबाइलवर जातं. मावशीचा नंबर म्हणून मुलाचा दिलेला, त्यामुळे ती पेणला तेल घेते आणि बिल रोह्याला शिफ्टवर पोचतं. लगेच त्याचा मला फोन, "काका, आईने परत शेंगदाणा तेल घेतलं? तिला डॉक्टरने काय सांगितलंय?" मी म्हटलं, तुझी आई, तू सांग. मला अजून जगायचंय.

त्या सोमवारी दुपार कलली होती, दुकानात कुणी नव्हतं. मावशीने पिन म्हटला, साबणाकडे बघायलाही कुणी नाही. मग हात पुसला, स्टुलावर बसली, पेन मागितलं.

"कागद नाही गं आता," मी म्हटलं. "बंद झाले."

ती पेन धरून बसून राहिली. उठेचना. माझं टाळकं सरकलं. "मावशी, राहू दे ना एक दिवस! विसरला हात तर विसरला. तुझी सही बघायला बसलंय कोण?"

"माझी कुठं हाय ती?" मावशी म्हणाली. आवाज एकदम घरातला. "दीनाची हाय."

"कोण दीना?"

मग तिने सांगितलं. गावात त्यांच्या भिंतीला भिंत लागून एक घर होतं, यहुद्यांचं, तेलाचा घाणा असलेलं. दीना त्या घरची सून, मावशीच्याच वयाची. शनिवार त्यांचा धर्माचा वार, त्या दिवशी ते विस्तवाला हात लावत नसत, तर त्यांची चूल मावशी पेटवून द्यायची. पोराच्या शाळेत निकालाला मावशी गेली, बाकीच्या आयांनी सह्या केल्या, हिने अंगठा दिला. शाई लुगड्याला पुसत घरी आली ती रडतच. दीनाने तो डाग बघितला आणि परातीत मीठ पसरून हिला समोर बसवलं.

"मिठात बोट धरून गिरवून घ्यायची. माझ्या हातावर तिचा हात. वरची रेघ बाहेर काढायची तिचीच खोड. बोलायची, मथुरे, घराला वलचन नको? पानी आत येल." मावशी पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. "मंग समदी गेली तिकरं, त्यांच्या देशात. ती पन गेली. आधी कवा कवा फोन यायचा. आता हाय का नाय, कुनाला ठाव. घराला कुलूप हाय. मी सही करते ना बाला, तवा माझ्या हातावर हात असतो तिचा. आन तुम्ही बोलता, बटना दाब."

मी गल्ल्यावरचं फडकं उचललं आणि उगाच मशीन पुसलं. 

"येक राहिलाच पन," ती म्हणाली. "बोलली व्हती, पयला तुझा नाव शीक, मंग माझा शिकवीन. आन गेलीच. मना माझाच नाव येतो. तिचा नाय येत."

पोराला का नाही विचारलंस, म्हणून मी विचारलं. तर म्हणाली, "त्याला काय कलनार? हसल तो."

मी फळीवरची मिठाची पिशवी घेतली, फोडली आणि वजनकाट्याच्या ताटलीत ओतली. हाताने सपाट केली. त्यात बोटाने लिहिलं, दीना.

मावशीने वाकून बघितलं. एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग माझ्याकडे बघितलं.

"येवराच?"

"एवढंच. दोन अक्षरं."

"माझा येवरा लांबलचक शिकवला, नवऱ्यासकट," मावशी ओरडली, मेडिकलवाला बाहेर आला, "आन सोताचा येवरासा, तो ठेवून गेली! सटवी मेली!" आणि हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, तो काही खाली येईना. मी तिला पाणी दिलं. खोटं कशाला सांगू, मीही प्यालो.

नंतर तिने माझं लिहिलेलं तळहाताने पुसून टाकलं आणि स्वतः गिरवलं. पहिल्यांदा "दी"ची वेलांटी ताटलीच्या बाहेर गेली, मीठ सांडलं, काटा कमी दाखवायला लागला.  संध्याकाळच्या मिनीडोअरची वेळ होईपर्यंत ती गिरवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी मशीनवाल्याला बोलावून कागदाचा रोल चालू करून घेतला. तो म्हणाला, काका, सगळं जग पुढे जातंय. मी म्हटलं, जाऊ दे, रस्ता मोकळा होईल.

आता सोमवारी मावशी येते. पिन म्हणते, रांग साबणाकडे वळते, मशीन हो म्हणतं. मग मीच बिल पुढे करतो आणि म्हणतो, "मावशी, सही राहिली." जोशीकाका घड्याळ बघतात, बघू देत.

ती निळ्या पेनाने आपलं सगळं खानदान लिहिते. थोडी जागा सोडून पुढे लिहिते, दीना. मग वरची रेघ ओढते, दोघींवर मिळून एकच, आणि शेवटी थोडी बाहेर काढते.