दिघेकाकांचा पेचकस

दिघेकाका घरी येऊन गेले की आपली एखादी वस्तू कमी झालेली असते. चोरी नव्हे. चहा पिता पिता, आपल्यासमोर, खिशातल्या पेचकसानं स्क्रू फिरवून ते ती काढतात आणि आपल्याच हातात देतात. "हे फालतूचं होतं," म्हणतात. नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत सगळे त्यांना वचकून असतात. स्कूटर चालू होत नसली, तर काका गॅलरीत नाहीत ना हे आधी बघायचं आणि मगच दुसरी किक मारायची.

काका रेल्वेत सिग्नलच्या दुरुस्तीला होते. फॉल्ट सापडत नसेल तर नवं काही जोडायचं नाही, सगळ्यात शेवटी जोडलेलं आधी सोडवायचं, ही तिथली त्यांची रीत. निवृत्त झाल्यावर ती त्यांनी आमच्या संसारांना लावली. गल्लीत 'यहाँ गाड़ी खड़ी न करें' या पाटीवरून रोज भांडणं व्हायची. काकांनी पाटीच उतरवली, आणि भांडायला मुद्दाच उरला नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणात वाढप संपेना, तेव्हा त्यांनी सोळा भाज्यांतल्या नऊ कमी करायला सांगितल्या. "देवी काय मोजायला बसलीय?" त्या वर्षी मात्र बायकांनी त्यांनाच पंगतीतून काढलं.

मी जातीचा भित्रा. त्यात विम्याच्या कचेरीत पंचवीस वर्षं काढलेली, त्यामुळे कुठे काय कोसळू शकतं ते तोंडपाठ. आई मोरीत घसरून पडली तेव्हा हाड वाचलं, पण माझा धीर गेला.

मग आम्ही जोडत सुटलो. भिंतींना दांडे ठोकले, खोल्याखोल्यांत रबरी चटया अंथरल्या. वॉकर आला, उशाशी घंटी आली, कॅमेरा आला. समाचाराला येणारेही काहीबाही आणायचे. कुणी तेल, कुणी महाकाळाचा काळा दोरा. आई जरा हलली की मी कचेरीतून त्या कॅमेऱ्यातूनच ओरडायचो, "आई, सांभाळून!" भिंतीतून आवाज आला की ती दचकून खाली बसायची.

हळूहळू आई उठेनाशीच झाली. आधी अंगण सुटलं, मग स्वयंपाकघर, मग पलंगावरून पाय खाली सोडणंही. "पडले तर?" एवढंच म्हणायची. डॉक्टर म्हणाले, आता चालल्या नाहीत तर पुढे चालणं अवघड आहे. ते ऐकलं आणि मी रजा टाकून घरी बसलो आणि तिच्या पलंगाभोवती घिरट्या घालू लागलो.

अशात एका दुपारी काका आले. दारातूनच त्यांनी खोली पाहिली.

"शिरीष, हे घर आहे का गोदाम रे? वहिनींनी चालायचं कुठून?"

आणि ते सुरू झाले. चटया गुंडाळल्या, त्यांच्या कडा वळल्या होत्या, खरंच पाय अडकला असता. घंटी गेली, कॅमेरा गेला. मी "काका, नको" म्हणत मागे मागे. शेवटी वॉकर उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

"आता हा घे आणि तूपण बाहेर हो."

"मी?"

"सगळ्यात शेवटी कोण जोडलं गेलं? तूच नं, भैया! त्यांच्या मागे उभा राहून घाबरवून राहिला. चल, निघ."

मला अंगणात काढून त्यांनी आतून कडी लावली. मग त्यांचा आवाज आला, "वहिनी, मी चहा टाकतो. आलं कुठे ठेवलंय ते दाखवायला या बरं."

मी वॉकर कवटाळून उभा. कान दाराला लावलेले. आतून काहीच ऐकू येईना. मग पलंग करकरला आणि मी खिडकीकडे धावलो.

आई उभी होती. एक हात भिंतीला, नजर स्वयंपाकघराच्या दारावर. काका मात्र स्वयंपाकघरात नव्हतेच. मधल्या खोलीतून वळसा घालून ते अनवाणी तिच्या मागे आले होते. वीतभर अंतरावरून, दोन्ही हात पसरून, तिला न शिवता, तिच्या पावलामागे पाऊल टाकत होते. चेहरा पांढराफटक, ओठ नुसते हलत होते. माझ्याहून जास्त घाबरलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आईनं स्वयंपाकघरात पोचून ओट्याची कड धरली. "अहो भाऊजी, गेलात कुठे? आलं या डब्यात आहे," ती म्हणाली. काका तोवर मागच्या मागे परसात सटकले होते.

मी घराला वळसा घालून गेलो. ते धुण्याच्या दगडावर बसले होते.

"माझी तर जानच निघून गेली होती रे."

"मग वॉकर तरी राहू द्यायचा, काका."

 कमलकाकींना जाऊन सहा वर्षं झाली. त्याआधी त्याही अशाच पडल्या होत्या आणि नंतर कधी घराबाहेर दिसल्या नाहीत.

"कमलच्या वेळी मी सगळं आणलं होतं," काका म्हणाले. "पलंग आणला, खुर्ची आणली, बाई ठेवली. रोज सांगायचो, उठू नकोस, मी आहे नं." त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. "चार वर्षं ऐकलं तिनं माझं."

आतून आई विचारत होती, साखर किती घालू. काका दगडावर हात टेकून उठू लागले. मी हात पुढे केला. त्यांनी तो मुकाट्यानं धरला.