दुखण्याची तालीम

आमच्या तुरुंगात आजारी कैद्याला डॉक्टरपुढे बसवण्याआधी वासुदेव हवालदार त्याची तालीम घेत असत. हो, तालीमच. दुखण्याची.

मी तिथली औषधं देणारी. माझ्या खोलीत बसून हा प्रकार बघायची आणि माझं डोकं फिरायचं. कैदी पोट धरून उभा आणि हवालदार त्याच्याभोवती फिरत सांगतायत, "हात वर घे थोडा. मान टाक. आता कण्ह. अबे, मागच्या बाईले दिसलं पाहिजे."

ही मागची बाई कोण, ते सांगते. हवालदार तरुणपणी मंडईच्या नाटकांत काम करायचे. धान निघालं की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. त्यात यांच्याकडे कायम मरणाऱ्या बापाचं काम. छाती धरून असे कोसळायचे म्हणे, की शेवटच्या रांगेतल्या बायाही डोळ्याला पदर लावायच्या. पुढे खाकी चढली, नाटक सुटलं, पण मागची बाई काही सुटली नाही.

तालमीचं खूळ मात्र त्यांनी उगाच काढलं नव्हतं. पूर्वी आजारी कैद्याला सरकारी दवाखान्यात न्यायचे. त्याला गाडी लागते, पहारा लागतो, आणि दोन्ही कधी एका दिवशी मिळत नाहीत. मग वरच्यांनी तोडगा काढला. भिंतीवर पडदा लावला, नारळ फोडला, फोटो काढले. आठवड्यातून एकदा डॉक्टर पडद्यावर येणार आणि कैदी इथेच बरे होणार. खरजेला, बीपीला पडदा चालतो, मी नाही म्हणत नाही. पण तो आल्यापासून गाडीचं आणि पहाऱ्याचं नावच कोणी काढेना. दवाखाना हाकेच्या अंतरावर, आणि माणूस भिंतीला पोट दाखवतोय! संताप व्हायचा माझा.

त्यात आमचे कैदी. वर्दी किंवा डॉक्टरचा कोट दिसला की मान खाली घालायची सवय लागलेली. काय होतंय म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, बरं आहे साहेब. पडद्यावरचं चित्र अडकायचं, आवाज तुटायचा, पण 'बरं आहे' तेवढं स्वच्छ पोहोचायचं. मग सगळ्यांना तीच पांढरी गोळी, आणि ती वाटायची मी. हवालदार भडकायचे. "मरून राहिला तू, अन् बरं हाय सांगून राहिला?" असं म्हणत त्यांनी एकेकाला शिकवायला घेतलं.

पोटदुखीची पद्धत वेगळी, छातीची वेगळी. चक्करवाल्याला पडण्याआधी खुर्ची कुठे आहे ते बघून ठेवायला लावायचे. एका दाढदुखीवाल्याने इतकं मन लावून काम केलं, की डॉक्टरांनी घाबरून त्याच्या हृदयाची तपासणी लिहून दिली. हवालदार दिवसभर खुशीत होते.

मग सुकराम आला. करडी गावाकडचा म्हातारा, कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागायचा होता. त्याला भेटायला कधी कोणी आलं नाही. पोट दुखतंय म्हणून त्याने जेवण टाकलं होतं. हवालदारांनी त्याला सकाळभर घोटला. पडद्यापुढे बसताच सुकराम "अगा माय वो" म्हणत मागे कलंडला, एक हात हवेत, डोळे पांढरे.

त्या दिवशी पडद्यावर होत्या डॉक्टरबाई, आणि त्या नेमक्या साकोलीच्या. लहानपणापासून मंडई बघितलेल्या. त्यांना हसूच फुटलं. म्हणाल्या, हे मरण मी ओळखते, हे तिसऱ्या अंकातलं आहे. त्यांनी ॲसिडिटीची गोळी लिहून दिली आणि पुढचा पेशंट मागितला.

संध्याकाळी बराकीत सुकराम भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडला होता. आता कण्हतही नव्हता. हवालदार धावत माझ्याकडे आले, डॉक्टरबाईंना लावा म्हणाले. मी फाडफाड बोलले. खरं दुखणं तुम्ही खोटं करून दाखवलंत, आता भोगा म्हटलं.

"भोगतो. पयले त्याईले लावा."

सुकरामला उचलून पडद्यापुढे आणलं. बाई वैतागूनच पडद्यावर आल्या. दारात जेलर येऊन उभे राहिले होते. त्यांच्यादेखत हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढली.

"ओरडणं माझं होतं, मॅडम. मीच शिकवलं त्याले. पण दुखणं त्याचं हाय."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी सांगितलं, पोटावर उजवीकडे खाली हात ठेवा, हळू दाबा आणि एकदम सोडा. हवालदारांनी दाबून सोडलं. सुकरामने आवाज केला नाही, फक्त त्यांचं मनगट घट्ट धरलं. बाई मात्र म्हाताऱ्याकडे बघतच नव्हत्या, त्या हवालदारांच्या तोंडाकडे बघत होत्या. तिथे आता कसलंच नाटक नव्हतं. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घेऊन या," त्या म्हणाल्या.

गाडी नाही, पहारा नाही, हे नेहमीचं तुणतुणं जेलरांनी सुरू केलं. त्यावर हवालदार असे गरजले की थोड्याच वेळात दोन्ही दारात हजर. म्हणजे होतं तर सगळं! इतके दिवस कोणाला नड नव्हती, एवढंच. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अपेंडिक्स फुटलं होतं. सुकराम वाचला. हवालदारांना नोटीस मिळाली आणि त्यांनी रजा टाकली. मला वाटलं, तोंड लपवायला गावी गेले असतील. पुढे कामासाठी मी दवाखान्यात गेले, तर कैद्यांच्या वॉर्डात, साध्या कपड्यांत, हे सुकरामच्या उशाशी. पहाऱ्याचा शिपाई बाहेर होताच. म्हातारा झोपला होता आणि हे वर्तमानपत्राने त्याच्या अंगावरच्या माश्या हाकलत होते.

मी त्यांना बाहेर बोलावून झापलं. नोटीस आहे डोक्यावर, कोणी बघितलं तर आणखी बोभाटा होईल, रजा घेतली आहे तर घरी जाऊन स्वस्थ पडा म्हटलं.

"घरी जाऊन काय करू, मॅडम?" ते म्हणाले. "तिथं मले दुखलं तर सांगू कोनाले? यालेबी कोनी नाही. उठला का मंग हा मले सांगते, कुठं दुखते ते."

एवढं बोलून ते आत गेले आणि पुन्हा माश्या हाकलत बसले.