भांडण न होणारा आंबा

नाटकासाठी बनवलेल्या झाडाखाली आधी माणसं बसवावी लागतात, त्याशिवाय ते सावली धरत नाही. इचलकरंजीच्या एका दुकानदाराने घाईघाईत माणसं न बसवलेला पिंपळ विकला होता. नायिका त्याच्याखाली उभी राहून गायली. तिची सावली पडली, पारावरच्या दगडी नागोबाची पडली, पिंपळाची काही पडली नाही. लोकांनी आरडाओरडा केला आणि तो रास्तच होता.

मी मिरजेत नाटकाचं सामान विकतो. पडदे, मिशा, गदा, सिंहासनं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. झाडं मात्र मकबूल सतारमेकर सोडून दुसऱ्या कुणाची ठेवत नाही. घराणं सतारी करणारं. नवी सतार वाजवून वाजवून उघडावी लागते, तसं झाड खाली बसून बसून उघडतं, हे त्यानेच शोधलं.

त्याचं काम बघायला मी गिऱ्हाईक दुकानात ताटकळत ठेवून जातो, यावरून काय ते समजा. बांबूचा सांगाडा, वर गोणपाट, त्यावर लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ. साल बोटांनी उठवतो, हत्यार लावत नाही. या वेळी आंबा होता. पालवी तांबूस, लोंबती, मेण चोळलेल्या मलमलीची. मुंगळे रांगेने खोडावर चढले ते परत खाली आले नाहीत.

"फसले बिचारे," मी म्हणालो.

"फसतील कशाला, अण्णा? वर काहीतरी मिळालं असणार," मकबूलभाई म्हणाला. स्वतःच्या कामाविषयी तो कधी कमी बोलत नाही, आणि मला ते आवडतं.

आंबा सांगलीच्या शैलाताई उपळेकरांनी सांगितला होता. त्यांच्या नाटकात दोन भाऊ आंब्याखाली कडाडून भांडतात आणि शेताची वाटणी होते. नाट्यस्पर्धा तोंडावर आलेली. यंदाही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो तर नाट्यसंस्था बंद करायची, असं त्यांच्या सभासदांनी ठरवून टाकलं होतं.

झाडाखाली बसायला मकबूलभाईने नेहमीची मंडळी बोलावली. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड आणि तिकीट तपासनीस. पेन्शन वेळेवर, मुलं मार्गाला, गुडघे शाबूत. भडंग खात, गप्पा हाणत बसले. सावली अशी गच्च धरली की आम्ही दोघं खूश. चूक तिथेच झाली.

पहिल्या तालमीनंतर शैलाताई दुकानात आल्या.

"अण्णा, तुमच्या आंब्याखाली भांडण होत नाही."

"म्हणजे कसं?"

"थोरला कुऱ्हाड घेऊन येतो. सावलीत पाय पडला की कुऱ्हाड खाली ठेवतो आणि धाकट्याला विचारतो, जेवलास का. धाकटा म्हणतो, दादा, तू बस आधी. मग दोघं बसतात ते उठतच नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मी सावलीबाहेरून ओरडतेय. घसा बसला माझा."

तक्रार रास्त होती. मकबूलभाईला घेऊन मी तालमीच्या जागी गेलो. भोपळा वाजवून बघावा तसं त्याने खोड वाजवून बघितलं.

"सुखी माणसं बसलीत. सावली गोड धरलीय," तो म्हणाला. "माझंच चुकलं. भांडणाच्या झाडाला भांडखोर माणसं लागतात."

"मग माझे दोन मेहुणे देतो. एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

"या सावलीत पाय टाकला की बघतील, अण्णा."

"दुसरं झाड?"

"ते उघडायच्या आत स्पर्धा होऊन जाईल."

"मग हे तोडा," शैलाताई म्हणाल्या. "आंब्याशिवाय करते मी नाटक."

मकबूलभाई खोडाला टेकला. "नाटक बदला, ताई. असं झाड माझ्या हातून परत व्हायचं नाही."

"माझी संस्था बुडायला आलीय आणि तुम्ही मलाच शिकवताय?" शैलाताई तरातरा त्याच्यावर चालून गेल्या. चौथं पाऊल सावलीत पडलं. त्या थांबल्या, पदर सावरला आणि खाली बसल्या.

"मकबूलभाई, जेवण झालं का तुमचं?"

"झालं, ताई. तुमचं?"

"व्हायचंय." मग बराच वेळ त्या पानांकडे बघत राहिल्या. "थोरला भांडणार नाही, ठीक आहे. पण वाटणी टळत नाही. मग तो काय करेल? म्हणेल, विहीर तू घे."

"धाकटा म्हणेल, मला नको."

"नको म्हणेल. वर बैलजोडी दादालाच देईल." त्यांनी नटांना हाक मारली आणि तिथेच बसून शेवटचा अंक नव्याने सांगितला.

स्पर्धेच्या दिवशी मकबूलभाई आणि मी विंगेत उभे होतो. थोरल्याने विहीर दिली, धाकट्याने बैल दिले. थोरल्याने घर दिलं, धाकट्याने आईचा फोटो दिला. दोघंही इतकं गोड बोलत होते की ऐकवत नव्हतं. सगळं देऊन झालं तेव्हा कुणाकडेच काही उरलं नाही, आणि दोघं दोन बाजूंना निघाले. सावलीची कड ओलांडली तसा धाकट्याचा चेहरा कोसळला. रंगमंचावर आंबा तेवढा राहिला. मी आयुष्यभर खोट्या वस्तू विकल्या, पण इतकी खरी वस्तू माझ्या दुकानातून दुसरी गेलेली नाही.

"पडदा टाकायला सांगू?" मी विचारलं.

"राहू द्या, अण्णा. बघू दे लोकांना."

पहिल्या रांगेतले एक परीक्षक उठले. कडक म्हणून त्यांचा लौकिक होता, अर्ध्या अंकात संघ बाद करायचे. त्यांनी चपला काढल्या, पायऱ्या चढून वर आले, आंब्याखाली बसले आणि मागून येणाऱ्या दोघा परीक्षकांसाठी सरकून जागा केली. गुण त्यांनी तिथेच बसून दिले. शैलाताईंची संस्था पुढच्या फेरीत गेली. परीक्षक उठेनात, म्हणून नंतरच्या संघांचं नेपथ्य आंब्याच्या मागे लावावं लागलं, आणि तेही सगळे पुढच्या फेरीत गेले.

स्पर्धा संपल्यावर आंबा आणायला मी टेम्पो आणि चार हमाल पाठवले. ते अजून आलेले नाहीत. मी दुसरा टेम्पो पाठवला नाही.