शून्याचा सातबारा

“सर, तुम्ही शून्यातून सुरुवात केलीत. तर त्या शून्याचा सातबारा कुणाच्या नावावर होता?”

हा प्रश्न विचारला मी, पण त्याची मालकी चेरिलू आणि मारिकार या माझ्या मैत्रिणींकडे आहे. भर सभेत, माइकवर, न हसता विचारून दाखव, अशी पैज होती. बक्षीस म्हणजे उंच ग्लासभर हालो-हालो, वर आइस्क्रीमच्या गोळ्यासकट. (नुसतं दूध आणि बर्फ असेल तर मी कुणाचाही अपमान करत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.)

उत्तराकडे वळण्यापूर्वी एक सत्य नमूद करणे क्रमप्राप्त आहे. प्रत्येक थोर उद्योजकाला एक गरीब आई असावी लागते. नसेल तर आणावी लागते.

हे मी मनाचं सांगत नाही. आमच्या शाळेत ‘उद्योजकता’ नावाचा विषय आहे आणि त्याचं पुस्तक म्हणजे आपल्या फिलिपिनो उद्योजकांच्या यशोगाथांची माळच. कुणी केळ्याच्या वेफर्सचा राजा, कुणी चपलांचा, कुणी शवपेट्यांचा (हा धडा परीक्षेला हमखास येतो). सगळ्या गाथांचा सखोल अभ्यास करून मला असं आढळलं की सुरुवात शून्यातून होते. घराचं छप्पर गळतं. आई पहाटे चुलीपुढे बसते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. ते धुराने की दुःखाने, हे लेखक मुद्दाम सांगत नाही. मग वादळ येतं. (वादळांचा आपल्याकडे तुटवडा नाही, त्यामुळे हा कच्चा माल स्वस्तात पडतो.) वादळात आई जाते, जाताना एक सुंदर वाक्य बोलते, आणि पुढच्याच परिच्छेदात शाखा उघडायला लागतात. वडिलांचा उल्लेख शंभरातल्या नव्याण्णव गाथांत नाही. उरलेल्या एकीत आहे, पण तो छपाईचा दोष मानावा. वडील नगराध्यक्ष होते हे चुकून छापलं गेलं.

आमच्या सान तोरिबियोचं भाग्य असं, की पुस्तकातला एक अख्खा धडा आमच्या गावचा आहे. ‘लोला इस्का बिबिंका’चे संस्थापक सर बॉय व्हिलाफ्लोर. (साठी कधीच उलटली. पण आमच्याकडे लहानपणी ‘बॉय’ नाव पडलं की ते शवपेटीपर्यंत सोबत करतं. पाहा: शवपेटीवाल्यांचा धडा.) त्यांच्या बिबिंकेच्या, म्हणजे तांदूळ-नारळाच्या गोड पोळ्याच्या, खोक्यावर डोक्याला फडकं बांधलेल्या, समोरचे दात पडलेल्या, हसऱ्या आजीचा फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आईच्या अश्रूंची चव’. घटकांच्या यादीत अश्रू ‘मीठ’ या नावाने दाखवलेले आहेत.

आता, सर बॉय यांच्या सख्ख्या आई म्हणजे दोन्या कोन्सोलासियोन. नदीच्या अलीकडची भातशेती त्यांची, पलीकडच्या नारळीच्या बागा त्यांच्या, मधली गिरणी त्यांची आणि दोन्ही काठांचे मतदारही त्यांचेच. धूर म्हणून त्यांनी पाहिला तो गिरणीच्या धुराड्याचा, तोही मोटारीची काच वर करून. सुरुवातीला खोक्यावर त्यांचाच फोटो लावून पाहिला म्हणे. पण गळ्यात मोत्यांच्या माळा घातलेल्या बाईचे अश्रू कुणी विकत घेईना. मग फोटो लागला त्यांच्या स्वयंपाकिणीचा. तिनेच बॉयला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, केळीच्या पानावर पीठ ओतून वर निखारे, खाली निखारे ठेवून बिबिंका कशी करायची तेही दाखवलं. त्याला करता आली नाही. सांगता आली.

ती स्वयंपाकीण इस्का म्हणजे माझी लोला, माझी आजी. माझ्या वडिलांची आई.

लोला जिवंत आहे. हे इथेच स्पष्ट केलेलं बरं, कारण धड्यात ती वारलेली आहे. धड्याप्रमाणे वादळात सर बॉय यांच्या मांडीवर डोकं ठेवून, “बाळा, पीठ कधी पातळ करू नकोस,” असं म्हणून तिने प्राण सोडला. प्रत्यक्षात त्या वेळी ती दोन्याबाईंचा पियानो पुराच्या पाण्यातून माडीवर चढवत होती. पियानोही जिवंत आहे.

हा किरकोळ फरक इतकी वर्षं कुणाला खटकला नव्हता. चर्चसमोर आमची टपरी. लोला चुलीपाशी, नानाय (माझी आई) पीठ ढवळायला, आणि ताताय (माझे वडील) ट्रायसिकलच्या (आमच्याकडची रिक्षा) दोन फेऱ्यांमध्ये नारळ खवायला. मग सप्टेंबर उजाडला, म्हणजे आमच्याकडे नाताळ सुरू झाला, आणि रस्त्याच्या पलीकडे कंपनीने नवी शाखा काढली. दारावर लोलाच्या चेहऱ्याचा दुमजली फ्लेक्स. गिऱ्हाईक आधी फ्लेक्सकडे बघायचं, मग आमच्या चुलीकडे, आणि छातीवर क्रूस काढून घाईघाईने निघून जायचं.

आठवडाभरात कंपनीच्या जनसंपर्क विभागातून मिस व्हर्जी आल्या. इतकी विनम्र बाई मी पाहिली नाही. आल्या आल्या त्यांनी नमस्कार म्हणून लोलाचा हात आपल्या कपाळाला लावला.

“लोला, राग मानू नका हं. पण कंपनीच्या नोंदीप्रमाणे तुम्ही दिवंगत आहात.”

“अगं बाई! कधीपासून?”

“ब्रँड सुरू झाल्यापासून.”

“मग मयताचं जेवण कुणी केलं?” लोलाने विचारलं. “मला तर कुणी रांधायला बोलावलं नाही.”

मिस व्हर्जींनी समजुतीने मान हलवली. “तुम्ही इथे बसलात की ग्राहकांत संभ्रम निर्माण होतो, एवढंच. परवा एक बाळ रडून निळं पडलं. तुम्ही आत बसावं. दिवंगत व्यक्तीला शोभेल असं.”

इथे तातायनी मिस व्हर्जींना नारळासकट रस्ता दाखवायला हवा होता. पण सर बॉय हे तातायचे धर्मपिता, बाप्तिस्म्याला उभे राहिलेले. (त्यांना धर्मलेकरं इतकी, की निवडणुकीत त्यांची वेगळी रांग लागते.) धर्मपित्याला नाही म्हणण्याची तरतूद आमच्याकडे नाही. तातायनी स्वतःच्या चपलांचा बराच वेळ अभ्यास केला.

“आई, नाताळ होईपर्यंतच गं.”

“मेलेल्यांना कसला आलाय नाताळ, तोतोय,” लोला लेकाला म्हणाली आणि चिमटा ठेवून आत गेली.

त्यानंतर ती पडद्याआड बसायला लागली. वासावरून ओळखून आतून ओरडायची, “वरचे निखारे काढ!” आणि नानाय काढेपर्यंत पोळा काळा झालेला असायचा. याचंही मला हसूच येत होतं. मग एकदा मी अभ्यास करत असताना लोला हळूच म्हणाली, “निंग, तो धडा वाच ना पुन्हा. मी जाते तिथून.” मी वाचला. तिने ऐकून घेतला. “शेवटचं बरं बोलले की गं मी,” म्हणाली. “डोकं ठेवलं होतं म्हणतो ना तो, मांडीवर? मला आठवत नाही. असेल.”

तेव्हा हसू थांबलं. आणि अगदी त्याच आठवड्यात शाळेच्या सूचनाफलकावर लागलं: प्रमुख पाहुणे, सर बॉय व्हिलाफ्लोर. पैज लावायला मैत्रिणींना फार आग्रह करावा लागला नाही, एवढंच सांगते.

समारंभाची तयारी आदर्श होती. स्वागताच्या फ्लेक्सवर सर बॉय यांचा फोटो होता, त्याहून मोठा मुख्याध्यापिकाबाईंचा होता, आणि ज्यांचा कार्यक्रमाशी काही संबंध नव्हता त्या नगरसेवकांचा सगळ्यांत मोठा. खाद्यपदार्थांबाबत समितीने एकमताने ठराव केला होता, की मंचावर फोटोसाठी कंपनीची खोकी मांडावीत आणि खाण्यासाठी आमच्या टपरीवरून मागवावं. त्यामुळे नानाय दोन सुपं भरून बिबिंका घेऊन येणार होती. दोन सुपं एकटीला झेपेनात, म्हणून दुसरं लोलाने घेतलं. (दिवंगत व्यक्तीने ओझं उचलण्यास कंपनीची हरकत नव्हती.)

सर बॉय बोलायला लागले. छप्पर गळलं. चूल पेटली. धूर झाला. वादळात मुख्याध्यापिकाबाईंनी रुमाल काढला. मग प्रश्नोत्तरं, आणि मी उठले. चेरिलूने माझ्या पिंढरीला चिमटा काढला, मारिकारने देवाचं नाव घेतलं, आणि मी सगळ्यात वर दिलेला प्रश्न, एक शब्द इकडेतिकडे न करता, विचारला.

मुख्याध्यापिकाबाईंनी रुमाल ठेवून दिला. सर बॉय मात्र प्रसन्न हसले. म्हणून तर ते धड्यात आहेत आणि आपण बाकावर.

“बेटा,” ते म्हणाले, “शून्याला नाव नसतं.”

टाळ्या! शिक्षकांनी हे वाक्य उतरवून घेतलं. नगरसेवकांनी पुढच्या भाषणासाठी घेतलं.

“माझं भांडवल एकच,” सर बॉय यांचा आवाज भरून आला. “माझी आई. ती आज असती तर...”

“आहे ना,” बाजूच्या दारातून आवाज आला. “काय हवंय?”

डोक्यावर सूप, सुपाखाली लोला. तिने सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसावेत तसे कमरेच्या फडक्याला पुसले, आणि सभेत आलेल्या कुठल्याही म्हातारीने करावं तसं, समोरच्या आपल्याहून लहान माणसापुढे उजवा हात धरला.

आता आपल्या लोकांचं कसं आहे, माणूस कर बुडवेल, मतं विकत घेईल, नदीचा काठ गिळेल. पण वडीलधाऱ्याचा पुढे आलेला हात हवेत लटकू देणार नाही. तेवढं वळण आपल्याला दुधासोबत पाजलेलं असतं. (सर बॉय यांना ते कुणी पाजलं, हे वर आलंच आहे.) सर बॉय वाकले. विचारबिचार करायला वेळच मिळाला नाही. त्यांनी लोलाचा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. सगळ्या शाळेदेखत, माइक चालू असताना.

“वाळलास रे, बॉय,” लोला म्हणाली. माइकमुळे ते गेटपर्यंत ऐकू गेलं.

“सर,” चेरिलूला राहवेना, “दिवंगतांचा हात गरम लागतो का हो?”

आणि मी, ज्यावर कुठलीच पैज नव्हती असा दुसरा प्रश्न विचारला. “सर, त्यांचं आडनाव काय?”

सर बॉय यांनी तोंड उघडलं. “इस्का,” ते म्हणाले. “आमची... लोला इस्का.” मग त्यांनी मंचावरच्या खोक्याकडे पाहिलं. खोक्यावरही नव्हतं.

दिमाकुलांगान. आमचं आडनाव दिमाकुलांगान आहे. अर्थ असा, की ज्याच्यातून काही कमी करता येत नाही. सर बॉय यांनी आयुष्यभर प्रयत्न मात्र केला.

माझा भाबडा समज असा होता, की आता लाज नावाचा काहीतरी प्रकार घडेल. पण लाज हा विषय आमच्या अभ्यासक्रमात ‘उद्योजकता’ घेणाऱ्यांना ऐच्छिक आहे. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या शाखेवर नवा फ्लेक्स होता: ‘चमत्कार! आई परतल्या! ही चव स्वर्गातही मिळेना!’ रांग चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली. फादरांनी प्रवचनात दोन वाक्यं घातली.

दुपारी मिस व्हर्जी आल्या. यावेळी मिठाई घेऊन. प्रस्ताव असा, की लोलाने एकेका शाखेत पाळीपाळीने बसावं. प्रत्येक खोक्यामागे ग्राहकाला एकदा तिचा हात कपाळाला लावता येईल, मोठ्या खोक्यावर फोटोही. तातायना पर्यवेक्षकाचं पद. मला मनिलाच्या कॉलेजची शिष्यवृत्ती. अट एकच: लोलाने आपण सर बॉय यांची आई आहोत असं सांगायचं.

“मग मी कोण?” तातायनी विचारलं.

“तुम्हाला तांत्रिक कारणास्तव अनाथ व्हावं लागेल,” मिस व्हर्जी म्हणाल्या. “तात्पुरतं.”

“आणि दोन्या कोन्सोलासियोन?” हे नानायने.

“पुढच्या आवृत्तीत त्या स्वयंपाकीण असतील.”

(वाचकांनी इथे हसून घ्यावं. शेवटी वेळ मिळेलच असं नाही.)

मिस व्हर्जी गेल्या. तातायनी पुन्हा चपला वाचायला घेतल्या. “निंग, मनिलाचं कॉलेज आहे गं,” ते म्हणाले. “आपल्यात कोण गेलंय? आईला मोटारीतून नेणार-आणणार. अनाथ काय, मी सवयीने होईन.”

“मला कुणी विचारलंय का?” पडद्याआडून आवाज आला. मग लोला स्वतःच बाहेर आली, चुलीशी बसली आणि चिमटा हातात घेतला. “मेले तेव्हा विचारलं नाही. जिवंत झाले तेव्हा विचारलं नाही. आता निदान निखारे तरी मला विचारून काढा.”

मी उठून उभी राहिले. माइक नव्हता, पण एव्हाना मला गरज वाटत नाही.

“नानाय, ताताय, मी ठरवलंय. शिष्यवृत्ती नको. मी इथल्याच कॉलेजात जाईन आणि सकाळी चुलीपाशी बसेन, लोलाच्या शेजारी. पैज मी जिंकले, पण हालो-हालोऐवजी चेरिलूच्या वडिलांच्या छापखान्यातून एक फ्लेक्स घेतलाय. त्यावर लोलाचा फोटो, फ्रान्सिस्का दिमाकुलांगान असं पूर्ण नाव, आणि खाली एकच शब्द: ‘हयात’. उद्या टपरीवर लागणार. सर बॉयना खावीशी वाटली तर त्यांनी यावं, आडनाव घेऊन मागावी. आणि हा नियम सगळ्यांना. ज्याला आपल्या घरी रांधणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईचं आडनाव सांगता येणार नाही, त्याला बिबिंका नाही म्हणजे नाही!”

तातायनी चपलांवरून नजर काढली. नानाय पीठ ढवळायची थांबली.

“अगं पोरी,” ती म्हणाली, “मग गिऱ्हाईक कुठून आणायचं?”

म्हणून हे लिहायला घेतलं. टपरी चर्चसमोर आहे, बिबिंका गरम आहे, रांग अजिबात नाही. या की. वाटल्यास आधी आपल्या स्वयंपाकघरात जाऊन आडनाव विचारून या. आम्ही थांबतो.