बुधाजीने आखलेलं मैदान

मैदान आखायला चुन्याची फक्की टाकायची की मीठ, एवढाच काय तो प्रश्न होता. बुधाजीने मीठ म्हटलं, आणि तिथून पुढे जे झालं त्याचा दोष तो आजवर कुणालाही देत नाही. (द्यायला दुसरं कुणी नाहीच.)

त्याचं झालं असं. बुधाजीची नात प्राप्ती डोंगराखालच्या आंबेघळ कॉलेजात शिकते आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघात गोली आहे. डोंगराच्या माथ्यावर दांडवलीचं कॉलेज. मधे आठ वळणांचा घाट. या दोन कॉलेजांचं जानेवारीत वैर असतं. बाकीचे अकरा महिनेही असतंच, पण जानेवारीत त्याला चेंडू मिळतो. वरचे खालच्यांना "पेज" म्हणतात, खालचे वरच्यांना "कोरडी भाकर". दहा वर्षांत दोघांनी चार-चार सामने जिंकलेत. उरलेल्या दोन वर्षी चेंडू दरीत गेला, तो अजून वर आलेला नाही.

डोंगरात सपाट जागा आणायची कुठून? म्हणून यंदा ठरलं, सामना खाली खाडीकाठी खेळायचा. आणि प्राप्ती भर मीटिंगमध्ये उठून म्हणाली, "आमच्या गावचं गुरचरण पाटासारखं सपाट आहे. आखणी माझा आजा करून देईल. जन्मभर मिठागरात वाफे आखलेत त्याने. त्याची रेष वाकडी जात नाही."

हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा बुधाजीला दोन दिवस जेवण गेलं नाही. (कौतुकाची सवय नसली की ते पोटात बसतं.) तो कधी शाळेच्या पायरीवर चढला नव्हता, आणि आता एक सोडून दोन कॉलेजं त्याच्या रेषेवर खेळणार होती.

कॉलेजने चार गोणी फक्की पाठवली. बुधाजीने खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, प्राप्तीने सांगितलेली मापं फोन कानाला धरूनच घातली. मग गोण उघडून त्याने बोट बुडवलं. मिठागरात चिरलेलं बोट ते, चुना लागताच चरचरलं. तो तसाच घरी आला.

"अगो, ही फक्की भाजते," तो बायकोला, कृष्णाबाईला, म्हणाला. "आपली पोर गोली. आडवी पडंल, लोळंल. तोंडाला लागली म्हंजे?"

"मग?"

"मीठ टाकतो. गेल्या सालचं हाय की पडवीत."

"आन खरचटल्यावर मीठ काय थंड लागणार हाय?"

"मिठानं कोन मेला न्हाय."

"टाका तर. कॉलेजवाल्यांनी तुमाला बोलावलंय, मला न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे बुधाजीने घमेल्यांनी मीठ ओतलं. कडेच्या रेषा झाल्या, मधलं गोल रिंगण झालं, दोन्ही टोकांना गोलीच्या चौकटी झाल्या. ऊन वर आलं तशी ती रेष अशी चकाकली की बुधाजी कमरेवर हात ठेवून बराच वेळ नुसता बघत राहिला. मिठागरात एवढी सरळ त्यालाही कधी जमली नव्हती.

आता, या माणसाने आयुष्यात दोनच कामं केली. मीठ पिकवलं आणि म्हशी राखल्या. मिठाचा खडा दिसला की म्हैस कशी मान लांब करते हे त्याच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नसेल. शिवाय भात कापून झालं की आमच्याकडे गुरं उनाड सोडतात. दाव्याला कुणी बांधत नाही, ती मनाला येईल तिकडे हिंडतात. आणि मैदान होतं गुरचरणावर. हे सगळं बुधाजीला माहीत होतं. फक्त एकाच वेळी आठवलं नाही.

दहाला सामना सुरू झाला. वरून दोन बसगाड्या, खालून दोन, आणि आख्खा गाव. पंच अलिबागकडचा कुलदीप म्हणून तरुण होता, शिट्टी फुंकताना फार गंभीर. पहिल्या अर्ध्या तासात शेळ्या आल्या. गोदूबाईच्या सात शेळ्यांनी ओळीने उभं राहून कडेची एक रेष कोपऱ्यापासून खायला घेतली. त्यांना हाकलेपर्यंत दुसऱ्या टोकाला वासरं लागली.

दांडवलीच्या एका पोराने हाक मारली, "आजोबा, पंगत झकास वाढलीत. ताक कधी फिरवणार?"

आंबेघळची पोरंही हसली. प्राप्ती हसली नाही. बुधाजी काठी घेऊन रेषेरेषेने धावत होता, आणि तो एका रेषेवर पोचला की गुरं दुसरी चाटत होती. गावातले लोक त्याला सल्ला देत होते. सल्ला एकच होता, पण प्रत्येकजण तो नव्याने देत होता.

"बुधाजी, फक्की न्हवती का रं?"

"हाय ना घरी," बुधाजी म्हणायचा, आणि पुढे धावायचा.

कुलदीपने कसंबसं अदमासाने खेळवलं. शेवटची पाच मिनिटं उरली, गोल कुणाचाच नाही. तेवढ्यात दांडवलीची कॅप्टन रुचिका चेंडू घेऊन सुसाट सुटली. प्राप्ती तिच्यावर धावून गेली आणि तिने चेंडू दोन्ही हातांनी उचलला. आता गोलीला चेंडूला हात लावायची मुभा असते ती तिच्या चौकटीत. चौकटीबाहेर लावला की गुन्हा, आणि समोरच्यांना तिथूनच फ्री किक. आणि चौकटीची रेष केव्हाच शेळ्यांच्या पोटात गेली होती.

"बाहेर," वरचे ओरडले.

"आत," खालचे ओरडले.

कुलदीप म्हणाला, "गोलकीपर, आहेस तिथेच उभी राहा. हलू नकोस." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आखणी कुणी केली?"

बुधाजीला पुढे आणलं. कुणीतरी लाऊडस्पीकरचा माईक त्याच्यासमोर धरला. कुलदीपने फार आदराने विचारलं, "बाबा, रेष कुठे होती, तुम्ही दाखवाल तेच मी मानेन."

बुधाजीला रेष कुठे होती ते नीट माहीत होतं. खुंटीचं भोक त्याला समोर दिसत होतं. प्राप्ती रेषेच्या चांगली दोन हात बाहेर उभी होती. तिने तोंड उघडलं, काहीतरी बोलणार तेवढ्यात बुधाजीला वाटलं, आधीच माझ्यामुळे पोरीचं हसं झालंय. आणि त्याने काठी टेकवली ती तिच्या पुढे तीन हातांवर.

"हितं व्हती," तो म्हणाला. "पोर आत हाय."

जन्मातलं हे त्याचं पहिलं खोटं नव्हतं, पण लाऊडस्पीकरसमोरचं पहिलंच.

खालचे नाचायला लागले. आणि तेवढ्यात बुधाजीचीच म्हैस, चांदी, गर्दीतून वाट काढत आत आली. तिला कुणी अडवलं नाही, कारण मालक मैदानातच होता. तिने खुंटीच्या भोकापाशी मान घातली. मीठ वरवर गेलं होतं, पण मातीत मुरलेलं होतं. चांदी चाटू लागली. एक पाऊल टाकायची, चाटायची, पुढचं पाऊल टाकायची. सुतळी ताणल्यासारखी ती सरळ चालली होती. प्राप्तीच्या पाठीमागून ती चाटत गेली. चौकटीच्या कोपऱ्याशी आली, तिथे क्षणभर थांबली, आणि काटकोनात वळली.

कुलदीप मातीवरच्या ओल्या रेषेकडे बघत होता. मग त्याने बुधाजीच्या काठीकडे बघितलं. काठी अजून तिथेच टेकलेली होती. बुधाजीला ती उचलायचं भान नव्हतं. पायाखालचं गुरचरण आपल्याला आत घेईल तर बरं असं त्याला वाटत होतं.

"सर, मी बाहेरच होते," प्राप्ती म्हणाली. "तेच सांगत होते." मग तिने आजाकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आजाला कमी दिसतं."

बुधाजीला खाडीच्या तोंडाशी उभ्या होडीवर माणसं किती हे इथून मोजता येतं. पण ते आता सांगायला जागाच नव्हती.

"अरे अरे," कुलदीप हळहळला. रुचिकाने लगेच बुधाजीचा एक हात धरला, आंबेघळच्या एका मुलीने दुसरा. "सावकाश, आजोबा. इथे ढेकूळ आहे." वरच्या-खालच्यांनी मिळून त्याला खुर्चीपर्यंत नेलं, टेकून बसवलं आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं, "ही खुर्ची." (कमी दिसतं म्हटलं की लोक मोठ्याने का बोलतात, कोण जाणे.) मग रुचिका फ्री किक घ्यायला परत गेली आणि तिथूनच, चांदीने दाखवलेल्या रेषेबाहेरून, तिने गोल मारला. प्राप्ती आडवी झेपावली. चेंडू तिच्या बोटांना लागून आत गेला.

बुधाजीला तो फार स्पष्ट दिसला.

सामना संपला. दांडवलीचे ढोल वाजवत बसमध्ये चढले. आंबेघळच्या मुली प्राप्तीच्या खांद्यावर हात टाकून उभ्या होत्या, कुणी तिला बोल लावत नव्हतं. जाताना ती आजाच्या पाया पडली आणि म्हणाली, "डोळ्यांना जपा हं, आजा." तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, हे बुधाजीने बघितलं नाही. मान वर झालीच नाही.

गर्दी पांगेना. गोदूबाई हळहळली, "कधीपासून रं असं? बोलला न्हायस कदी."

तेव्हा कृष्णाबाई पुढे आली. पन्नास वर्षं संसार केलेली बाई, नवऱ्याला काय दिसतं नि काय नाही ते तिला पुरतं ठाऊक. तिने सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.

"चला," ती म्हणाली. "मी नेते घरी. सांबाळून. पुढं खड्डा हाय."

पुढे खड्डा नव्हता. वाट पाटासारखी सपाट होती, आणि बुधाजीला ती सपाट दिसत होती. मागे आख्खा गाव उभा राहून बघत होता. बुधाजीने निमूट पाय उचलला आणि चांगला लांब टाकला.

"आनी एक हाय," कृष्णाबाई म्हणाली.

त्याने तोही ओलांडला.