गुलाबरावांचा एक डाव

आमच्या वरवट बकाल गावातले शेजारी गुलाबराव रोज संध्याकाळी पाच वाजता हातपाय धुतात, इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालतात आणि ओट्यावर मोबाइल घेऊन बेरजा करायला बसतात. वय एकाहत्तर. मोबाइलच्या खेळात आपण कोणाला दिसत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"नसन दिसत. पन समोर कोनी तरी बसेल हाय ना," ते म्हणाले.

समोर असते ओवी, त्यांची सात वर्षांची नात, पुण्यात. तिचे बाबा नोकरीसाठी गाव सोडून निघाले, तेव्हा गुलाबराव म्हणाले होते, पुन्हा या घरात पाऊल टाकू नको. बोललेलं परत घेण्याची त्यांना सवय नाही. चार वर्षं बाप-लेकाचं बोलणं बंद आहे. ओवी बेरजेत कच्ची, म्हणून सुनेने हा खेळ लावून दिला आणि जोडीदार म्हणून नवऱ्याच्या नकळत सासऱ्यांना घेतलं; समोर आजोबा आहेत, हे ओवीला तेवढं ठाऊक. रोज एकच डाव.

खेळातलं इंग्रजी वाचायला मी शेजारी खुर्ची टाकून बसते. उत्तर बरोबर आलं की आपला ससा उडी मारतो, चुकलं की जागीच बसतो. दहा उड्या आधी मारील तो जिंकला, डाव संपला. बोलायची सोय नाही.

पहिल्या दिवशी गुलाबराव दोन मिनिटांत जिंकले आणि रात्रीपर्यंत संपलेला खेळ हातात धरून ओट्यावरच बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सात अधिक पाचला अकरा दाबलं. मी टोकलं.

"मले मालूम हाय, वहिनी. बरोबर देल्लं का डाव संपते."

पण ओवी सुधारत गेली, तसे डावही लहान होत गेले. परवा सुनेचा निरोप आला: ओवीला परीक्षेत पैकीच्या पैकी, आता उद्याचा डाव शेवटचा. मी तो वाचून दाखवला.

काल ओवीचा ससा भराभर नऊ उड्या मारून थांबला. दोन अधिक दोनला तिने नऊ दाबलं. पाच अधिक एकला तीन.

"इले काय झालं वो, वहिनी? सारं येत होतं तिले."

"तुम्हाला झालंय तेच," मी म्हटलं.

मग त्यांनी एक अधिक एकला सावकाश सात दाबलं.

दिवेलागण झाली. मी उठले तेव्हाही दोन्ही ससे आपापल्या जागी बसून होते.