दोन अल्टरनेटरची वरात

"एक नाही, दोन अल्टरनेटर बसवले, वामनराव. लाइट, डीजे, दोन्ही कूलर, सगळं एका टायमाले चालते. चालतंफिरतं कोराडीचं वीज केंद्र समजा," असं म्हणत नत्थूजींनी आपल्या वरातीच्या गाडीचं बॉनेट थोपटलं आणि मुलीच्या लग्नाच्या धसक्यानं अर्धे झालेले वामनराव जरा निर्धास्त झाले. पारशिवनीच्या व्याह्यांची एकच अट होती, मे महिन्यात वरातीला गार हवा पाहिजे. वामनरावांची काळजीही एकच, सात वाजून दहाचा मुहूर्त टळायला नको.

प्रताप नगरच्या चौकातून वरात निघाली, घड्याळ बघत वामनरावही सोबत. पण वरातीची गाडी ती, मुंगीच्या पावलानंच चालणार. इंजिन मंद, म्हणून अल्टरनेटर मंद. डीजेचा आवाज बसला, कूलर कण्हू लागले.

"रेस द्या ना गा," नवरदेवाचे मामा म्हणाले.

नत्थूजींनी उभ्या गाडीला रेस दिली. दिवे लखलखले, कूलर सुसाट सुटले, वऱ्हाडी बेभान नाचू लागले. नाचणारे हटेनात, म्हणून गाडी हलेना. पंचेचाळीस डिग्रीत उभ्याउभ्या रेस खाऊन इंजिनानं शेवटी वाफ सोडली. पावणेसात वाजले होते. वामनरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आता काय करून राहिले, नत्थूजी?"

"इंजिन गरम झालं. त्याले हवा पायजे," असं म्हणत नत्थूजींनी दोन्ही कूलर शांतपणे इंजिनाकडे वळवले.

वामनराव हबकलेच. "म्हणजे इंजिन अल्टरनेटर फिरवते, अल्टरनेटर कूलर चालवते, अन् कूलर इंजिनाले हवा घालते?"

"बरोबर."

"मग वऱ्हाडाले काय?"

"दोन अल्टरनेटरमध्ये एवढंच बसते, साहेब."

हवा गेली तसा नाचही गेला. घामानं थबथबलेले वऱ्हाडी नवरदेव ऋषीला मधे घेऊन एसी हॉलकडे जवळजवळ पळतच सुटले. मागून गाडी रिकामीच आली. सातला पाच कमी असताना नवरदेव दारात हजर. वामनरावांच्या सात पिढ्यांत असं घडलं नव्हतं. त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"टायमाच्या आधी पोचलो, वामनराव. बोलवा पोरीले," मामा म्हणाले.

वामनरावांनी रितिकाला फोन लावला.

"बाबा, मी अजून तिकडं सदर बाजारातच आहे, पार्लरमध्ये. आत्ता कुठं केस झाले."

"अवं, मुहूर्त सात-दहाचा आहे ना."

"तुम्हीच तर म्हटलं, वरात आठच्या आधी काही येत नाही, आरामात तयार हो."

वामनरावांच्या पायाखालची जमीन सरकली. मामांकडे पाहून ते कसंनुसं हसले, हळूच मागे सरकले आणि धापा टाकत गाडीपाशी आले.

"नत्थूजी, इंजिन गेलं खड्ड्यात," ते दबक्या आवाजात म्हणाले. "कूलर वऱ्हाडाकडे फिरवा अन् डीजे लावा. त्यायले तासभर नाचवा."